कोणाचं दूध कोणाला

२ एप्रिल, सोमवार

चौथ्यांदा विचारलं मेल्यानं. 'हे अ‍ॅप तुम्ही कशासाठी वापरणार? अभ्यास, ऑफिस, सहल, इतर.' आधी फ्रेंचमध्ये विचारत होतं, विदादने अरबी करून दिलं तरी प्रश्न तोच. 'इतर' दाबलं. तर म्हणे तुमचं ध्येय थोडक्यात लिहा. बावन्न वर्षांच्या बाईला फोन ध्येय विचारतो. मी लिहिलं — भावाबहिणींची लग्नं होऊ नयेत. तो म्हणाला, 'छान! चला, सुरू करूया.' आणि सहलीच्या बॅगेची यादी काढून दिली. टॉवेल, टूथब्रश, छत्री.

सगळं त्या वरच्या मजल्यावरच्या नळामुळे. फुटला, कपाटात पाणी शिरलं, आईच्या चार वह्यांपैकी दुसरी भिजली. ब्लेडने पानं सोडवली तरी सतरा गेलीच. त्यांतली माणसं मला तोंडपाठ आहेत. पण उद्या मी मेले तर?

विदाद म्हणाली, "आई, सगळं फोनमध्ये घालू. टाइप मी करते. तू फक्त अ‍ॅप पसंत कर."

फक्त म्हणे.

३ एप्रिल, मंगळवार

पासवर्ड विसरले. नवा केला. तोही विसरले.

५ एप्रिल, गुरुवार

आई सुईण होती. सेफ्रू शहरातल्या आमच्या भागातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मली. कोणत्या बाईने कोणाचं मूल अंगावर घेतलं, तेही ती लिहायची. लिहायची म्हणजे सांगायची, लिहायचे वडील. आमच्या धर्मात पाजलं की ती बाई त्या मुलाची आई, तिची सगळी पोरं त्याची सख्खी भावंडं. एकदा पाजलं तरी झालंच. मग त्यांच्यात लग्न नाही. म्हणून मागणी घालण्याआधी लोक आईकडे यायचे. आता माझ्याकडे येतात. मी तिसरीपर्यंत शिकले, पुढचं चाळिशीत मशिदीतल्या बायकांच्या वर्गात. पण वही वाचता येते, आणि मला खोटं बोलायचा कंटाळा आहे. एवढं पुरतं.

आज हद्दा आली. म्हातारी जिना चढून धापा टाकत होती.

"तामू, बघ गं. माझ्या नातीत आणि चांभाराच्या इद्रीसमध्ये दूध आहे का?"

मी फोन उघडला. गोल फिरायला लागला.

"थांब. अपडेट होतोय."

"तुझ्या आईला अपडेट लागत नव्हतं."

"माझ्या आईच्या कपाटात पाणीही शिरलं नव्हतं."

"माझे गुडघे बघ, आणि लवकर सांग."

शेवटी वहीच काढली. नाही, दूध नाही. हद्दाने दोनदा विचारलं. "नक्की? तुझ्या आईने लिहायचं राहिलं असेल तर?"

मी म्हटलं, "वहीत नाही म्हणजे नाही."

ती गेली तरी फोन फिरतच होता. तोवर मी शिंप्याकडून आलेल्या झग्याची एकवीस बटणं रेशमी दोऱ्याने विणली, पोटापाण्याचं काम ते. हे अ‍ॅप काढून टाकलं.

८ एप्रिल, रविवार

दुसरं अ‍ॅप. यात माणूस म्हणजे ठिपका, आणि ठिपक्याठिपक्यांत रेषा. विदाद सकाळपासून त्यावर बसली. रविवारी तिचं औषधांचं दुकान बंद असतं.

"आई, बघ ना, किती सुंदर दिसतंय. जाळंच."

सुंदर खरंच. पण त्या जाळ्यात रंगाऱ्याची पाची पोरं आणि ऑलिववाल्याच्या तिघी एकमेकांची भावंडं झाली होती. का? तर ऑलिववाल्याच्या बायकोने रंगाऱ्याच्या मधल्याला पाजलं. अगं, मधल्याला पाजलं ना? मग भाऊ झाला तो मधला. त्याची बाकीची चार भावंडं कोणाच्या दुधात आली? मोकळी आहेत ती, खुशाल लग्न करू देत.

"पण रेषा दोन्हीकडून जाते, आई."

"दूध एकीकडूनच जातं."

दुपारपर्यंत त्या अ‍ॅपने आमच्या अख्ख्या भागात लग्नबंदी केली. माझं आणि माझ्या मेलेल्या नवऱ्याचंसुद्धा लग्न त्याने मोडलं.

९ एप्रिल, सोमवार

काढलं तेही.

१२ एप्रिल, गुरुवार

तिसरं घेतलं. दिसायला डाळीच्या पिशवीसारखं आहे, ना रंग ना चित्र. एका माणसाला एक कार्ड. नाव, आईचं नाव, कोणाचं दूध प्यायला. वरती शोधायची पट्टी. माझ्या फोनवर आणि विदादच्या फोनवर एकच वही दिसते, इकडे लिहिलं की तिकडे उमटतं. ध्येय विचारत नाही. हेच ठेवायचं ठरलं.

विदादने चारही वह्या भराभर आत घालायला घेतल्या आहेत. दुकानातून येते, दोन घास खाते, बसते. मी म्हटलं, इतकी घाई कोणाला आहे? म्हणे, "एकदाचं होऊन जाऊ दे." गेलेली सतरा पानं मी तोंडाने सांगितली. पोरगी मनापासून करते आहे. उगीच कशाला नावं ठेवू.

१५ एप्रिल, रविवार

सहाशे अकरा कार्डं. झालं. विदाद भांडी घासताना गुणगुणत होती. ही कधी गुणगुणत नाही.

चांभाराच्या इद्रीसचं कार्ड बघावं म्हणून मी पट्टीवर बोट ठेवलं. तर खाली यादी उघडली — 'नुकतंच शोधलेलं'. विदादने काय काय शोधलं ते ओळीने.

अन्वर, आई हनिया भट्टीवाली.
अन्वर, आई हनिया भट्टीवाली.
अन्वर.

नऊ वेळा. मध्ये एकदा तिचं स्वतःचं नाव.

म्हणून घाई. म्हणून गुणगुणणं. नऊ वेळा बघितलं, नऊ वेळा मोकळं निघालं. मुलगा वाईट नाही. वीज खात्यात आहे, जिन्यावर भेटला तर पिशवी हातातून घेतो. हनिया माझी लहानपणची मैत्रीण, सगळ्या भागाची भाकरी तिच्याच भट्टीत भाजली जाते. दुसरी कुठली आई असती तर तिने आज गोड केलं असतं.

मी फोन पालथा ठेवला.

१६ एप्रिल, सोमवार

लिहून टाकते. इतक्या वर्षांत कुठेही लिहिलं नाही.

माझा मुलगा तौफीक, आता फ्रान्सला असतो तो, तेव्हा चार महिन्यांचा होता. हनियाला जुळे झाले होते, अन्वर आणि बद्र. चाळीस दिवस झाले म्हणून तिला हम्मामला, बायकांच्या न्हाणीघरात, आणलं. ती आत गरम खोलीत अंग घासून घेत होती, मी बाहेर चटईवर तीन पोरं घेऊन बसले होते. एक रडायला लागलं. आतून हनिया ओरडली, "तामू, घे गं त्याला जरा!" घेतलं. पाजलं. झोपलं. दुसऱ्याच्या शेजारी ठेवलं, आणि मग मलाच कळेना यातलं कोणतं. दोघं सारखे, दुपटी सारखी.

हनिया बाहेर आली तेव्हा सांगितलं, "एकाला पाजलंय." तिने वाकून दोघांकडे पाहिलं, म्हणाली, "कळलं," आणि केस पुसायला लागली. तिला काय कळलं ते मी विचारलं नाही.

आईला सांगितलं असतं तर तिने सोलून काढलं असतं. 'दूध म्हणजे पाणी नव्हे, तहानलेल्याला द्यायला,' हे तिचं रोजचं. म्हटलं, उद्या सांगू. मग आई गेली, वही माझ्याकडे आली. म्हटलं, उद्या लिहू. एकोणतीस वर्षं उद्या.

आता ज्याला पाजलं तो अन्वर असेल, तर तो विदादचा भाऊ आहे. बद्र असेल, तर काहीच अडचण नाही. बद्रचं लग्न कधीच झालं, दोन मुलं आहेत, बायको मेक्नेसची.

१७ एप्रिल, मंगळवार

सकाळी विदादला सांगितलं. मागचंपुढचं काही न लावता.

"कितीदा?"

"एकदा."

"एकदाच?"

"एकदा पुरतं. तुला माहीत आहे."

"कोणाला?"

"तेच माहीत नाही."

आधी हसली. मग बसली. मग म्हणाली, "हद्दाला काय सांगितलंस? वहीत नाही म्हणजे नाही."

"हो."

"मग हेही वहीत नाही."

"मी लिहिलं नाही म्हणून ते झालं नाही, असं नाही."

"मी सहाशे अकरा कार्डं टाइप केली, आई. डोळे गेले माझे. एका नावासाठी." चपला घालता घालता म्हणाली, "तुला काही खोडायचंसुद्धा नाहीये. फक्त गप्प बसायचंय. इतकी वर्षं बसलीसच की."

डबा न घेता कामावर गेली.

ती गेल्यावर कार्ड करायला बसले. कोणाचं दूध — तामूचं. कोणाला — हे रिकामं ठेवू देईना. 'नाव आवश्यक आहे.' वहीत मी अर्धी ओळ सोडली असती, पुढे कधीतरी भरली असती. मी लिहिलं, 'दोघांपैकी एक'. तो म्हणाला, 'नवीन व्यक्ती जोडली: दोघांपैकी एक. फोटो लावायचा?' वाढदिवसही विचारला.

कार्ड पुसलं नाही. आहे तसंच आहे. विदादच्या फोनवर उमटलं असेल.

१८ एप्रिल, बुधवार

पीठ घेऊन भट्टीवर गेले. मी "हनिया, त्या हम्मामच्या दिवशी" एवढंच म्हटलं, तर भट्टीतून नजर न काढता म्हणाली, "बद्रला." मी पुढचं विचारलंसुद्धा नव्हतं. घरी येऊन तिला फोनवर बोलून निरोप धाडला, तो इथे उतरवून ठेवते.

'हनिया, तामू बोलतेय. एकोणतीस वर्षांत तुझ्याशी हा विषय कधी निघाला नाही, आणि आज प्रश्नाआधी उत्तर तयार होतं. कोणी पढवलं ते मला कळतं, आणि तिचा मला राग नाही. पण मी अजून तुझं ऐकलेलं नाही. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाआधी दोन्ही पोरांना घेऊन माझ्या घरी ये, आणि विदाददेखत, त्या दोघांच्या तोंडाकडे बघून सांग, मी कोणाला पाजलं. जे सांगशील ते लिहीन, पुन्हा विचारणार नाही. आली नाहीस, तर कार्डावर दोन्ही नावं लिहीन, मग अन्वरही विदादचा भाऊच. शुक्रवार, हनिया.'