पुण्यानुमोदनाच्या दिवशी मॅच

अहो मिलिंदचे बाबा,

अंगणातल्या दोरीवर सगळ्या टीमच्या जर्स्या वाळत घातल्यात आणि त्यांच्या सावलीत बसून मी हे लिहितेय. तुम्ही मुंबईला नोकरीत होतात तेव्हासुद्धा मी कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत, शेजारच्यांच्या फोनवर भागलं. पण आज सांगितल्याशिवाय राहवत नाही. उद्या रविवार. सकाळी विहारात तुमचं पुण्यानुमोदन आणि दुपारी फुटबॉलची मॅच!

हो हो, तीच मॅच. देशातला कुठलाही क्लब, मोठा असो नाहीतर आपल्यासारखा वाडीतला, नाव देऊ शकतो आणि एकदा हरला की बाद, त्या स्पर्धेतली. पहिली फेरी जिंकल्यावर पोरांनी तुम्हाला खांद्यावर घेतलं होतं. पुढच्या फेरीत मोठ्या शहरातला नावाजलेला क्लब आपल्याशी खेळायला रत्नागिरीत येणार असं कळलं आणि त्याच आठवड्यात तुम्ही झोपेतच गेलात. आनंद झाला तुम्हाला, तो सोसला नाही की काय?

भाट्याच्या किनाऱ्यावरची वाळू आठवते ना? आठवणारच, घरापेक्षा तिथेच जास्त होतात. पोरं विचारायची, "काका, उद्या किती वाजता?" तुम्ही म्हणायचात, "समुद्राला विचार." ओहोटी लागली की तुम्ही टाचेने मैदान आखायचात. भरतीचं पाणी रेघेवर आलं की खेळ संपला, मग कोण कितीही गोलांनी मागे असो. गोलाला कोळ्यांचं जुनं जाळं. मिलिंद गोलकीपर, घरी आला की सुक्या बोंबलाचा वास! किती वेळा धुतली मी ती जर्सी.

परवा पहाटे मला तुम्ही दिसलात. कमरेएवढ्या पाण्यात शिट्टी घेऊन उभे. काठावर तो मोठा क्लब, चकचकीत कपडे, नवे बूट, सगळे शाळेतल्या पोरांसारखे रांगेत गप्प. तुम्ही म्हणत होतात, "थांबा हो जरा, ओहोटी लागू दे." आणि पाणी खरंच हळूहळू मागे सरत होतं, आत, आणखी आत, मैदान मोठं होत होतं. मी हाक मारली, "चहा घेणार काय?" तर मागे न बघता म्हणालात, "हाफटाइमला." जाग आली तरी कितीतरी वेळ मी चुलीवर आधण ठेवायचं म्हणत पडून होते.

पण ही मॅच होते की नाही तेच कळत नव्हतं. मुंबईकरांना रजा रविवारची, म्हणून आपल्याकडे लग्न, बारसं, पुण्यानुमोदन सगळं रविवारीच. मॅचही नेमकी त्याच रविवारी! आणि अशा दिवशी वाडीच्या जेवणाचा स्वयंपाक कोण करतं, पंगत कोण वाढतं? हीच टीम! चुलाण पेटवण्यापासून पत्रावळी उचलण्यापर्यंत. ती मैदानात गेली तर लोकांच्या पानात वाढणार कोण?

विहारात बैठक बसली. तुमचे थोरले भाऊ, अण्णा, म्हणाले, "मानूस जाऊन चार दिवस झाले नाय आनि पोरं बॉल लाथाडणार? लोक काय म्हंतील?" आणि आपला मिलिंद, कॅप्टन, मान खाली घालून म्हणतो कसा, "आमी नाव मागं घेतो. बाबांच्या मानासाठी." सगळ्यांनी माना डोलावल्या.

अहो, मला असा राग आला! बायकांमधून उठले नि म्हटलं, "मेल्यांनो, ज्या दिवसाची वाट बघण्यात त्यांचा जन्म गेला, तो दिवस सोडून द्यायचा आणि त्याला मान म्हणायचं? मग माझ्या घरात तो मान नको. बुद्धवंदना सकाळी लवकर घ्या. स्वयंपाक आम्ही बायका करतो. पानं दोन तास थांबतील, मॅच थांबायची नाय."

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. वाटलं, आता हे उठून जातात. तर म्हणाले, "डाळ कोन वाढनार? बालदी द्या माझ्याकडं." सत्तरी उलटलेले अण्णा! मिलिंद तिथेच रडला. तुम्ही गेलात त्या दिवसापासून पहिल्यांदा.

एक मात्र बोलू? इतकी वर्षं वाळूवर गेलात, एकदा तरी "चल गो, बघायला ये" म्हणालात? मीही मानी, विचारल्याशिवाय कशाला जाऊ? भात शिजवून तुम्हा सगळ्यांची वाट बघत बसायची. गोल झाला की गावभर आरडाओरडा व्हायचा आणि मी इथे चुलीपाशी एकटीच हसायची. कोणी केला तेही ठाऊक नसायचं.

उद्या मी येणार. कोणी बोलवायची गरज नाही. पांढऱ्या साडीत, विहारातून तशीच सरळ मैदानावर. समोरचे फार मोठे आहेत, आपली पोरं कदाचित हरतील, गोलांवर गोल बसतील. बसू देत. मी जागेवरून हलणार नाही. शेवटची शिट्टी वाजेपर्यंत बसेन, हे माझं वचन. तुमच्यासारखी मधेच उठून जाणार नाही.

जयभीम.

तुमची,
सुमन