हात करणाऱ्या मंडळींविषयी खुलासा

प्रिय मेहुणेबुवा यांस,

सविनय नमस्कार. प्रथम आपल्या कंबरेची चौकशी करतो. पत्राच्या आरंभी प्रकृतीची चौकशी करावयाची असते म्हणून करतो, हे खरे. पण मागील महिन्यात आपण खुर्चीतून उठताना केलेला आवाज माझ्या कानांत अजून आहे, म्हणून मनापासूनही करतो. शेक चालू ठेवावा. घरातील थोरांना माझा नमस्कार व धाकट्यांना आशीर्वाद कळवावेत. माझी प्रकृती एकसष्टाव्या वर्षी असावी तशी आहे.

परवा आपला दूरध्वनी आला. आपण विचारलेत, "भाऊजी, सगळं ठीक आहे ना? खरं सांगा." मी "ठीक आहे" एवढेच म्हणालो. दूरध्वनीवर मला दोन शब्दांहून अधिक बोलणे जमत नाही (आपल्या ताई म्हणत, "हे फोन उचलतात तो फक्त ठेवण्यासाठी"). शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिकांनी आपणांस कळविले की मी रोज सायंकाळी शेडमध्ये बंद मोटारसायकलवर बसून भिंतीला हात करतो. बातमी खरी आहे. मात्र भिंतीला हात करणे आणि भिंतीच्या दिशेने हात करणे यांत फरक आहे, आणि तो स्पष्ट करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. येत्या वीस तारखेस आपण टेम्पो घेऊन येऊन ताईंची मोटारसायकल आपल्याकडे न्यावी, असे आपले ठरलेले आहे. त्यास माझी हरकत नाही. किंबहुना तो प्रस्ताव सात महिन्यांपूर्वी मीच मांडला होता. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढील मजकुरावरून भलता अर्थ काढला जाणार नाही.

ताई गेल्यावर दुसऱ्या महिन्यात त्यांचे नेहमीचे मिस्त्री घरी आले आणि म्हणाले, "काका, गाडी उभी राहिली की बसते. आठवड्यातनं एकदा तरी फिरवा." (माणसाचंही तसंच असतं, असे ते पुढे म्हणाले. त्या वाक्याची मी दखल घेतली नाही.) वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात द्यावयाची तर ती चालू स्थितीत द्यावी, हे मला पटले. वाहन चालविण्याचा परवाना माझ्याकडे महाविद्यालयीन काळापासून आहे. त्याचे नूतनीकरण मी प्रत्येक वेळी मुदतीपूर्वी केले. वापर तेवढा केला नव्हता. मिस्त्रींनी चार रविवार मला मोकळ्या मैदानात शिकविले. पाचव्या रविवारी मी एकटा हमरस्त्यास लागलो. डोक्यावर ताईंचे निळे हेल्मेट होते, कारण घरात दुसरे नव्हते आणि ते मला बसते, हे मला तेव्हाच कळले. सव्वीस वर्षांच्या संसारात आमच्या डोक्यांचे माप एकच आहे, याची वजनमापे निरीक्षक असूनही मी कधी नोंद घेतली नव्हती.

पुलाच्या अलीकडे समोरून एक हिरव्या हेल्मेटचे गृहस्थ मोटारसायकलवरून आले आणि त्यांनी मला हात केला.

येथे थोडे मागे जाणे आवश्यक आहे. ताईंच्या मागे मी त्या गाडीवर एकूण नऊ वेळा बसलो. (माझे म्हणणे असे होते की मागे बसणाऱ्याने धरावयाचे कोठे, याविषयी स्पष्ट नियम नाही.) त्या नऊही वेळा मी पाहिले की समोरून येणारे मोटारसायकलस्वार त्यांना हात करीत आणि त्याही डावा हात हँडलवरून किंचित उचलून, दोन बोटे पुढे करून उत्तर देत. एका फेरीत मी एकोणीस माणसे मोजली. ताई जनावरांच्या डॉक्टर. पंचक्रोशीतील गाई, घोडे, कुत्री त्यांच्या हाताखालून गेलेली. तेव्हा ही सारी त्या जनावरांची मालक मंडळी असणार, असा मी निष्कर्ष काढला. विचारले नाही. विचारावे असे वाटले नाही, असे मात्र नाही. बायकोला भर रस्त्यात एकोणीस माणसे ओळखतात आणि आपल्याला एकही नाही, ही गोष्ट मागे बसलेल्या नवऱ्याच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही. (वजनमापे निरीक्षकाला पाहून लोक हात करीत नाहीत. शटर ओढतात.)

तर, हिरव्या हेल्मेटने हात केला आणि माझ्या ध्यानात आले की या गृहस्थांना काहीच ठाऊक नाही. गाडी ताईंची, हेल्मेट ताईंचे, वर काळी काच. त्यांच्या दृष्टीने डॉक्टरबाई नेहमीप्रमाणे निघाल्या होत्या. मृत व्यक्तीच्या नावे आलेला नमस्कार परस्पर स्वीकारणे हा माझ्या मते अपहार आहे. घरात निधनवार्तेची छापील कार्डे शिल्लक होती आणि त्यांतील काही, कोणी भेटल्यास द्यावीत म्हणून, कोटाच्या खिशात होती. मी गाडी वळविली. (वळविण्यास चार मिनिटे लागली. त्या अवधीत दोन्ही बाजूंची वाहतूक थांबली होती व माझ्या घराण्याविषयी बरेच बोलले गेले.) अकरा किलोमीटरवर पेट्रोल पंपावर ते गृहस्थ सापडले. मी हेल्मेट काढले, नमस्कार केला आणि कार्ड त्यांच्या हाती दिले. त्यांनी ते दोनदा वाचले, पंपावरच्या माणसाला "थांब जरा" म्हणाले आणि मला म्हणाले, "फार वाईट झालं हो, काका." मग थोडे थांबून, "पण या कोण?" दुःखाने माणसाची स्मृती क्षणभर जाते, असे मी ऐकून होतो. मी त्यांचा खांदा थोपटला आणि निघालो.

त्यानंतरच्या दोन-तीन रविवारी मिळून मी सहा कार्डे पोहोचविली. लोक गोंधळत, पण कार्ड घेत. एक बाई तर रडल्या. (नंतर कळले की त्यांच्या सासूबाईंचे नाव तेच होते.) सातव्या कार्डाच्या वेळी मात्र घोटाळा झाला. एका जोडप्याने हात केला, म्हणजे पुढे बसलेल्या पतीने केला. मी गाडी वळविली, आता सरावाने अडीच मिनिटांत, आणि हॉर्न वाजवीत त्यांच्या मागे लागलो. त्यांनी वेग वाढविला. मीही वाढविला. अखेरीस ते पोलीस चौकीच्या आवारात शिरले. आपल्याला कोठे भेटावयाचे हे त्यांनी सुचविले, असे समजून मीही शिरलो.

चौकीत एक धिप्पाड हवालदार डबा उघडून बसले होते. त्यांनी विचारले, "काका, यांचा पाठलाग कशापायी?"

मी म्हणालो, "एक दुःखद वार्ता द्यावयाची होती. माझ्या पत्नीच्या निधनाची."

"यांचा त्यांच्याशी काय संबंध?"

"तेच," मी म्हणालो, "मला यांच्याकडून समजून घ्यावयाचे आहे."

मेहुणेबुवा, हे वाक्य मी सद्‌भावनेने उच्चारले होते. परंतु त्या गृहस्थांच्या पत्नीने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिचे वजन करण्याचा काटा आमच्या खात्याकडे नाही. "अगं, शप्पथ, मी ओळखत नाही यांच्या बायकोला!" ते म्हणाले. "मग हात कशाला केलास?" "सगळेच करतात!" "सगळेच करतात? घरी चल तू, मग बघते तुझा हात!"

हवालदार इतके हसले की डब्यावर झाकण ठेवावे लागले. मग गंभीर झाले, मला खुर्ची दिली आणि म्हणाले, "काका, मोटारसायकलवाला समोरून आला की मोटारसायकलवाला हात करतो. एवढंच असतं ते. मीसुद्धा करतो."

"ओळख नसताना?"

"ओळख असती तर थांबून चहा नसता का पाजला?"

मी त्या दांपत्याची क्षमा मागितली. बाईंची दोनदा मागितली. घरी परतताना चौघांनी हात केला. मी कोणालाही उत्तर दिले नाही.

आता मुख्य गोष्ट लिहितो. ती तोंडी सांगता आली नसती. ताई गेल्या तेव्हा घरी भेटावयास अकरा माणसे आली. आपण त्यांत होतात. सव्वीस वर्षे ऊनपाऊस न बघता जनावरांमागे धावलेल्या बाईसाठी अकरा हा आकडा मला थोडा वाटला. मी मनाची समजूत अशी घातली होती की बाकीची माणसे रस्त्यावर आहेत; शेकडो आहेत; त्यांना अद्याप वार्ता पोहोचलेली नाही, एवढेच. ज्या दिवशी पोहोचेल त्या दिवशी दारात उभे राहावयास जागा उरणार नाही. प्रत्येक रविवारी ही समजूत खिशातील कार्डांबरोबर मी घेऊन निघत असे. चौकीतून परतलो त्या सायंकाळी ती माणसे पुन्हा अकरा झाली. मी शेडमध्ये गाडी लावली आणि हेल्मेट न काढता बराच वेळ बसून राहिलो. हेल्मेटचा एक उपयोग असा की आत काय चालले आहे ते बाहेरून दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र एक विचार आला. ताईंना कोणीच ओळखत नव्हते. तरीही त्यांनी कोणाचाही हात रिकामा जाऊ दिला नव्हता. गाईच्या बाळंतपणात रात्र काढून आलेल्या असोत, माझ्याशी अबोला धरलेला असो (नवव्या खेपेस होता), डावा हात उठावयाचा तो उठतच असे. आणि मी मात्र आदल्या दिवशी चार माणसांचे नमस्कार न स्वीकारता आलो होतो. हे त्यांना आवडले नसते. (आपणही पंचवीस वर्षे मोटारसायकल चालविता, म्हणजे ही पद्धत आपणांसही ठाऊक असणार. ती मला कोणीच सांगितली नाही, याबद्दल तक्रार नाही. मी ताईंना विचारले असते तर एका वाक्यात उत्तर मिळाले असते, आणि मला वाटते, उत्तर देताना त्या हसल्या असत्या. तेवढे हसणे माझ्या हातून राहून गेले.)

परंतु चालत्या गाडीवर डावा हात उचलणे बोलण्याइतके सोपे नाही. प्रथम प्रयत्नात हात उठला तेव्हा समोरून मोटारसायकल नव्हे, पाण्याचा टँकर येत होता. चालकाने मी थांबण्याची खूण केली असे समजून ब्रेक लावला आणि खाली उतरून "काय झालं, चाक पंक्चर आहे का?" म्हणून चारही बाजूंनी टँकर तपासला. तेव्हा, आधी सराव करावा असे ठरविले. गाडी स्टँडवर लावून, नजर समोर ठेवून, रोज सायंकाळी पाच ते साडेपाच मी हात उचलतो. समोर भिंत आहे, याला माझा इलाज नाही. शेड तेवढीच आहे. शेजारच्या मुख्याध्यापिकांनी खिडकीतून पाहिले ते हे. त्यांचा हेतू चांगला होता. मीही त्यांना खिडकीत पाहून एकदा हात केला, ही कदाचित चूक झाली.

इतकाच खुलासा. मोटारसायकल धुऊनपुसून, कागदपत्रांसह तयार आहे. वीस तारखेस अवश्य यावे.

आपला नम्र,
भाऊजी

ता. क. : टेम्पो शेडपर्यंत येऊ शकणार नाही. दारासमोर खडीचा मोठा ढीग पडला आहे. तो हलविण्यास किती दिवस लागतील, हे सांगता येत नाही.

ता. क. २ : खडी मीच टाकविली आहे. आपणांशी खोटे बोलणे योग्य नाही.

ता. क. ३ : गेल्या रविवारी पुलाजवळ ते हिरव्या हेल्मेटचे गृहस्थ पुन्हा समोरून आले. मला ओळखून त्यांनी वेग कमी केला, आधी हात छातीवर ठेवला आणि मग उचलला. माझाही हात उठला. गाडी थोडी डुलली, पण पडली नाही. म्हणजे आता बारा झाले.

ता. क. ४ : तेव्हा विनंती अशी, की वीस तारखेस टेम्पो आणू नये. कंबर साथ देत असेल तर आपल्या मोटारसायकलवरून यावे. सकाळी दहाच्या सुमारास मी पुलाकडून आपल्या दिशेने येत असेन. निळे हेल्मेट आणि ती गाडी लांबून पाहून क्षणभर आपणांस वाटेल की तीच येते आहे. मला आरशात रोज वाटते. घाबरू नये. फक्त हात करावा. मी उत्तर देईन. मात्र माझ्यासाठी थांबू नये आणि गाडी वळवून मागे येऊ नये. तशी पद्धत नाही. मी आपल्या मागोमाग घरी पोहोचतोच. वळविण्यास मला आता दोन मिनिटे पुरतात.