गॅस नाय, भाऊ

१४ नोव्हें.
राहत्या गाडीतला गॅसचा अलार्म पुन्हा कोकलला. शेगडी बंद, सिलिंडर बंद. मला वास येत नाही, मागे तापात गेला तो गेलाच. आम्हा दोघांत नाक सु.चं होतं. बायको गेली, नाकही गेलं. जिच्या वाडीत गाडी लावलीय त्या हिराताईला हाक मारली. दारातून डोकं आत घालून हुंगलं तिने. "गॅस नाय, भाऊ. च्या ठेवा."

१७ नोव्हें.
पुन्हा तेच. पुन्हा हिराताई, "गॅस नाय." जाताना ताडीचा कॅन ठेवून गेली, रोजच्यासारखा. मी मागत नाही, ती ठेवते. पितो. चव अर्धीच लागते.
मेधाचा फोन. "बाबा, गाडी विका आणि पुण्याला या." बघतो म्हटलं. रिटायर झाल्यावर याच गाडीत राहत, रांधत गोव्यापर्यंत जायचं होतं दोघांनी. बोईसरहून निघून पहिल्या मुक्कामाला इथे चिंचणीला आलो. पुढचं राहिलं. विकायचाही कंटाळा येतो.

२१ नोव्हें.
बोईसर. अलार्म दाखवायला नेला. दुकानदाराने लायटरचा नुसता गॅस सोडला, लगेच वाजला. "अंकल, मशीन एकदम सही है. घर में ही कुछ होगा." परत आणून खाली होता तिथेच बसवला.

२५ नोव्हें.
सापडलं. ताडी. दुपारपर्यंत आंबते, अल्कोहोलची वाफ सुटते, झाकण सैल, आणि कॅन नेमका अलार्मला खेटून. बाहेर नेला की गप्प, आत आणला की बोंब.
हिराताईला सांगितलं नाही. सांगितलं तर हुंगायला कशाला येईल? कॅन होता तिथेच ठेवला.

३० नोव्हें.
वाजला. उठलो नाही, पेपर वाचत बसलो. ती न बोलावता आली.
"वाजतंय नि तुमी बसून? खराच गॅस निगाला तर?"
"निघाला तर निघाला."
न हुंगताच गेली.

४ डिसें.
हिराताई कालपासून पालघरला लेकीकडे. ताडी नाही. कॅन धुऊन बाहेर उपडा घातलाय.
सकाळी दूध तापवलं, शेगडी बंद केली. केली असावी. दाढी करायला बसलो आणि अलार्म वाजला.
सिलिंडर बंद केला, दार-खिडक्या उघडल्या एवढं आठवतं. मग अनवाणी फाटकापर्यंत पळालो, अर्ध्या गालाला साबण. घाबरलो होतो. सु. गेल्यापासून कशाचीच भीती वाटली नव्हती.
खिशात मोबाईल होता. हिराताईला फोन केला.
"आत जाऊ नका. मी येते."
"लेकीकडे गेलीस ना तू..."
"येते म्हटलं ना. भायेरच बसा."
अलार्म आता थांबलाय. खरा होता की खोटा, मला कळायचा मार्ग नाही. ही वही तेवढी ड्रायव्हरच्या खिडकीतून हात घालून काढली. फाटकाशी बसलोय, गालावरचा साबण वाळलाय. पालघरहून यायला वेळ लागेल तिला. रस्त्याकडे बघतोय.