आईच्या आंघोळीचं पाणी आणि गॅसची टाकी

अंबड, १९ जानेवारी १९९७

तीर्थस्वरूप अक्कास,

सर्जेरावचा सविनय जयभीम. राजूरला थंडी कशी काय? दाजींचा गुडघा आणि लेकरांचे खोकले बरे असतील असं धरून चालतो. आई रुसून तुझ्याकडं येऊन तीन आठवडे झाले. तिनं माझ्याबद्दल सांगितलेलं निम्मं खरं आहे. उरलेलं मी सांगतो.

पाच आठवडे पुरणारी आमची गॅसची टाकी डिसेंबरात तेविसाव्या दिवशीच संपली. मी सातवीला विज्ञान शिकवतो (म्हणजे कारण सापडेपर्यंत दुसऱ्यालाही झोपू देत न्हाई), तेव्हा तपास केला. एका सुट्टीच्या दुपारी आई गरम पाण्यानं न्हाऊन न्हाणीतून निघताना दिसली आणि मी तिथंच तपास संपवला. तिला एवढंच म्हणालो, "आई, सगळा गॅस तुझ्या आंघोळीत चाललाय." ती म्हणाली, "मंग कांताकडं जाते. चुलीवर तापवीन पाणी." आणि सकाळच्या एसटीनं गेलीच. त्याच दिवशी नवी टाकी लावली. मला वाटलं, आता दोन महिने बघायला नको.

अठराव्या दिवशी संपली! अर्धी कच्ची डाळ तशीच शेगडीवर. गळती असंल म्हणून शेगडी दुरुस्तीवाल्या रामकिसनला बोलावलं. त्यानं नळी तपासली, बर्नर उपसला आणि विचारलं, "गुरुजी, दूध कोण उतू घालतं?" तुझ्या भावजयीनं, बेबीनंदानं, माझ्याकडं बोट केलं. (दुधावर लक्ष ठेवायचं काम माझं, त्याच वेळी पेपर येतो.) बर्नरची निम्मी भोकं बुजलेली, जाळ पिवळा, त्यामुळं गॅस अन्न शिजवायचं सोडून पातेली काळी करून राह्यला होता. मंग बेबीनंदाचं तोंड सुटलं. आई डाळ आधी भिजत घालायची, प्रत्येक पातेल्यावर ताटली ठेवायची. तिच्या आंघोळीची बादली दुपारपर्यंत गच्चीवर उन्हात असायची (मी तेव्हा शाळेत). शेगडीवर कढत पाणी लागतं ते मला, आणि चहा चारदा गरम करायला लावतो तोही मीच. थंडी सगळ्यांनाच होती, पण आईनं तिचा भार गॅसवर टाकला न्हाई. रामकिसन सगळं ऐकत होता. उद्यापर्यंत माझ्या वर्गालाही कळंल.

तुझा धाकटा,
सर्जेराव

ता. क. एजन्सीत नंबर लावलाय, टाकी यायला अजून दहा दिवस. आईला पाठवशील तेव्हा तुझा घासलेटचा स्टो तिच्यासोबत दे. जल्दी.

ता. क. २. बेबीनंदानं पत्र वाचलं. म्हणाली, "एवढं लिहिलंत, पण चुकलो म्हणून कुठंच न्हाई. सासूबाईंना बोलावताय का स्टोला?" म्हणून लिहितो. आई, माझं चुकलं. तू न्हाईस तर घरात कुणी धड जेवून न्हाई राह्यलं. रविवारी मी स्वतः न्यायला येतो.

अक्का, आईला वाचता येत न्हाई. एवढं शेवटचंच तिला मोठ्यानं वाचून दाखव. स्टोचं वाचू नको.