डाव्या गुडघ्याच्या दोन सळया

मी, खाली सही करणारी, वय चौऱ्याहत्तर, धंद्याने टर्नर, आता घरी बसलेली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाखाली न येता किंवा भरीला न पडता लिहून ठेवते. माझं हृदय थकलं आहे, डोकं नाही. तसा दाखला डॉक्टरांनी आज सकाळी दिला आहे. डोकं तपासायला त्यांनी मला सतराचा पाढा म्हणायला लावला. मी तो म्हटला आणि त्यांना एकोणीसचा विचारला, तर ते घड्याळ बघू लागले. तेव्हा शुद्धीचा प्रश्न इथेच मिटला.

याआधी मी एक मृत्युपत्र केलं होतं, ते रद्द समजावं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. पण जे सांगायचं होतं, तेच त्यात नव्हतं.

कलम १. माझे यजमान सव्वीस वर्षांपूर्वी वारले. मागे दोन मुलं. थोरली शाळेत भूमिती शिकवते. धाकटा लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करतो आणि चांगलं करतो. दुसरा कोणी वारस नाही, आणि कोणी उगवलाच तर तो खोटा समजावा.

कलम २. शिंप्यांच्या दुकानावरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या दोन खोल्या आणि बँकेत जे काही उरेल ते दोघांत निम्मं निम्मं. थोरलीला शिडीची भीती वाटते म्हणून माळ्यावरचं सामान धाकट्याने उतरवावं. वाद घालू नये. दोघांनी लहानपणी एका खिडकीच्या जागेवरून इतकी भांडणं केली आहेत की आयुष्याचा कोटा संपला.

कलम ३. माझी हत्यारं थोरलीला. मायक्रोमीटर, व्हर्नियर, फाइलींचा संच आणि मी स्वतः घासून केलेली लेथची टूलं. तिला त्यांचा उपयोग नाही हे मला ठाऊक आहे. पण सुताएवढा फरकसुद्धा फरकच असतो, हे ती मुलांना रोज सांगते, ते ती इथूनच शिकली. ज्या फोरमननी पहिल्या दिवशी "बाई लेथवर? वेणी अडकेल," म्हणून हसून घेतलं, त्यांना काही नाही. एकतीस वर्षांत माझी वेणी कधी अडकली नाही. त्यांची मात्र बाही दोनदा अडकली, आणि दोन्ही वेळा मशीन मीच बंद केलं.

कलम ४. माझ्या नणंदबाईंना माझं इस्त्रीचं टेबल द्यावं. यांच्या वाद्याला त्या तीस वर्षं "इस्त्रीचं टेबल" म्हणत आल्या, चारचौघांतसुद्धा. आता त्यांना खरं टेबल मिळालं की फरक कळेल. त्या माझ्याआधी गेल्या तर हे कलम आपोआप रद्द, आणि मला वाईट वाटेल, कारण भांडायला तेवढंच माणूस उरलं आहे.

कलम ५. आता वाद्याबद्दल. हे मृत्युपत्र उतरवून घेणाऱ्या वकीलबाईंना हे वाद्य ठाऊक नव्हतं, तेव्हा वाचणाऱ्यालाही नसेल असं धरून लिहिते. पेडल स्टील गिटार म्हणजे चार पायांवर उभी केलेली आडवी, दहा तारांची गिटार. वाजवणारा तिच्यापुढे बसतो. डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकते, उजव्या हाताची बोटं तारा छेडतात. खाली डाव्या पावलाला तीन पेडलं, आणि गुडघ्यांच्या आजूबाजूला लिव्हर. पेडल दाबलं किंवा गुडघ्याने लिव्हर ढकलली की वाद्याच्या पोटाखालची एक सळई ओढली जाते आणि एखादी तार ताणली जाते किंवा सैल पडते. सूर जागच्या जागी चढतो किंवा उतरतो. आवाज ऐकलात तर कोणीतरी रडता रडता थांबलं आहे असं वाटेल.

कोणती सळई कुठे जोडायची, हे ज्याने त्याने ठरवायचं असतं. या मांडणीवरून वादक लोक जेवणाची ताटं सोडून भांडतात. आमच्या यांची मांडणी अशी होती, की डावा गुडघा डावीकडे ढकलला की एक तार अर्ध्या सुराने उतरायची आणि उजवीकडे ढकलला की तीच तार चढायची. तीस वर्षं यांनी असंच वाजवलं. आणि तीस वर्षं त्या वाद्याखाली उताणी पडून सळया काढणं, घासणं, तेल देणं, पुन्हा चढवणं हे काम माझं. यांना स्क्रू कुठल्या बाजूला फिरवायचा तेही कळायचं नाही. वाजवायचे मात्र असे, की माझं भांडायचं राहून जायचं.

धाकटा अकरा वर्षं याच मांडणीवर शिकला. हे गेल्यावर चार वर्षांनी तो एक दिवस म्हणाला, "आई, मला या दोन लिव्हर उलट करून दे."

"का? बाबांना चालत होतं ते तुला टोचतंय?"

"बघ ना. सूर चढवताना पाऊल डावीकडच्या पेडलवर असतं, आणि गुडघा न्यायचा उजवीकडे. पायाचा पीळ होतो. पाऊल जिकडे, गुडघापण तिकडेच जायला नको का?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी यंत्रातली बाई आहे, मला ते तेव्हाच पटलं होतं. पण यांच्या हयातीत बसवलेली गोष्ट हलवायची माझी तयारी नव्हती. "जित्याची खोड आहे ती, गुडघा ऐन वेळी दगा देईल," असं म्हणत शेवटी मी बदलून दिलं. तीन महिने तो रोज कामावरून येऊन रियाज करत होता. सवय मोडणं हे सवय लावण्यापेक्षा अवघड, पण त्याने ती मोडली. हे मी शपथेवर लिहिते.

कलम ६. बावीस वर्षांपूर्वी एका मोठ्या वाद्यवृंदाची माणसं त्याला ऐकायला येणार होती. पसंत पडला असता तर गावोगाव फिरणारी कायमची जागा होती. आदल्या दिवशी एक लिव्हर कुरकुरते असं तो म्हणाला. तो कामावर गेल्यावर मी हौसेने सगळं वाद्य उघडलं. सगळ्या सळया काढल्या, पुसल्या, तेल दिलं आणि परत चढवल्या. चढवताना डोकं कुठे होतं सांगता येत नाही. हातांनी तीस वर्षांचं काम केलं. डाव्या गुडघ्याच्या दोन सळया मी यांच्या मांडणीने बसवल्या.

दुसऱ्या दिवशी तो ड्यूटीवरून परस्पर सभागृहात येणार होता. वाद्य मी नेलं, मांडलं, सूरही मीच मिळवले. लिव्हरही तपासल्या. पण तपासताना माझा गुडघा यांच्यासारखाच हलला, सूर बरोबर आला, आणि मला शंकाच आली नाही. दगा माझ्याच गुडघ्याने दिला.

संथ गाणं होतं. तिसऱ्या ओळीला सूर अर्धा चढायचा, तिथे अर्धा उतरला. गाणारीने वळून पाहिलं. दुसऱ्या कडव्यात तीच जागा आली आणि तसंच झालं. त्याने दोन्ही हात तारांवर पालथे ठेवले आणि गाणं संपेपर्यंत तसाच बसून राहिला. मला समोर त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या दिसत होत्या.

सभागृहातून परतल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी मी वाद्य पेटीत ठेवायला उलटं केलं आणि पाहिलं. त्या दोन सळया यांच्या मांडणीने होत्या. संध्याकाळी तो आला. मी ताट वाढलं. तो म्हणाला, "तू म्हणत होतीस तेच खरं, आई. गुडघा बाबांच्या वळणावर गेला. मला वाटत होतं मी जिंकलो, पण अंगातलं जात नाही."

तेव्हा बोलायचं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणाले, "तरी मी सांगत होते." आणि त्याच्या ताटात भात वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सळया त्याच्या मांडणीने लावल्या, म्हणजे पुरावाही उरला नाही. नंतर मी गप्प राहिले. आधी वाटलं, आठवड्याने सांगू, तो सावरल्यावर. मग त्याने "कोणाला तरी देऊन टाक ते," म्हटलं. मग त्याचं लग्न झालं, बढती झाली. मग इतकी वर्षं गेली की चुकीपेक्षा गप्प राहणंच मोठं झालं. तो दर रविवारी येतो, माझी औषधं भरतो. रेडिओवर ते वाद्य लागलं की उठून खिडकीशी जातो.

तर बाळा, ऐक. तुझा गुडघा चुकला नाही. तो दोन्ही वेळा डावीकडेच गेला, जिकडे जायला हवा होता तिकडेच. तुझं काही चुकलं नव्हतं.

कलम ७. वाद्य धाकट्याला. पेटी पलंगाखाली आहे. डाव्या गुडघ्याच्या दोन्ही सळया मी काढून ठेवल्या आहेत, कापडात गुंडाळून. त्या कोणीही बसवू नयेत. बसवल्याच तर त्याने, त्याच्या हाताने, त्याला हव्या तशा. त्याने वाद्य विकलं, मोडलं, पेटी न उघडता कचऱ्यात दिलं, तरी थोरलीने त्याला बोल लावू नये.

कलम ८. माझ्यामागे कलम ६ सगळ्यात आधी वाचावं, घराच्याही आधी. वकीलबाईंनी वाचावं, थोरलीने नको, तिचा आवाज माझ्यासारखा आहे. वाचताना तो उठून गेला तर त्याला परत बोलावू नये.

हे वरातीमागून घोडं आहे, हे मलाही कळतं. वकीलबाईंनी हे लिहिताना पेन खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, "आजी, तो आत स्वयंपाकघरात तुमचा नळ दुरुस्त करतोय. कागदावर कशाला? मी हाक मारते." आणि त्यांनी खरंच मारली. तो ओले हात पुसत दारात आला. "काय गं आई? पाणी हवंय का?"

मी हो म्हणाले. त्याने पेला आणून दिला, मान धरून पाजला, आणि परत नळाकडे गेला.

म्हणून हे कलम जसं आहे तसं राहू द्यावं.

ठिकाण: राहतं घर, तिसरा मजला
दिनांक: १४ नोव्हेंबर, सकाळी साडेअकरा
लिहून ठेवणारीची सही: (सही)

आमच्यासमक्ष सही केली, शुद्धीत होत्या, मजकूर त्यांना वाचून दाखवला:
साक्षीदार १: खालच्या दुकानाचे शिंपी (सही)
साक्षीदार २: तपासणारे डॉक्टर (सही)

खाडाखोडीची नोंद: कलम ६ मध्ये "नंतर मी चुकून गप्प राहिले" असं लिहिलं गेलं होतं. वाचून दाखवल्यावर त्यातला "चुकून" हा शब्द लिहून ठेवणारीने स्वतःच्या हाताने खोडला आहे. खोडलेल्या जागी तिघांच्याही सह्या आहेत.