हरत असलो तर दोनदा सांगायचा

प्रिय बाबा,

दमलेय हो. पत्र लिहायचंही त्राण नव्हतं. पण उद्यापासून सामने पुन्हा सुरू होताहेत आणि रेडिओवाल्यांनी तुमचा माइक मला दिलाय. तुम्हाला न विचारता त्या खुर्चीत कशी बसू?

इथे वॉलॉंगॉंगला लॉकडाऊन सैल झालाय, आता मास्क लावून थोडं बाहेर पडता येतं. मैदानात प्रेक्षक नसतील. तुम्हाला काय फरक पडला असता म्हणा! रिकाम्या मैदानासमोरही तुम्ही तेवढ्याच जोरात ओरडला असतात.

तुमचं आठवडाभर कारखान्यात वेल्डिंग आणि शनिवारी दुपारी रेडिओवर बेसबॉलची कॉमेंट्री. जळगावला असताना तुम्ही महाराष्ट्राच्या संघाचे कॅचर होतात; गुडघे गेले आणि खेळ सुटला. "नऊ जणांत एकटा कॅचरच सगळ्या मैदानाकडे तोंड करून बसतो. मग दुसऱ्या कुणी का सांगावं काय चाललंय ते?" असं ऑस्ट्रेलियात आल्यावर इथल्या रेडिओवाल्यांना ऐकवून तुम्ही ती खुर्ची मिळवलीत. पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्याचा फोन आला होता, आठवतं? "मेट, तुझं निम्मं बोलणं कळत नाही, पण स्कोअर मात्र कळतो!" महिनाभर भेटेल त्याला हे सांगत होतात.

मी शेजारी स्कोअरशीट घेऊन बसायची. युनिमध्ये मीडिया शिकत होते, घरातली पहिली ग्रॅज्युएट होणार होते, अक्कल फार! एकदा आपला क्लब सात रनांनी मागे होता. मी कुजबुजले, "बाबा, सारखा स्कोअर नका सांगू. लोकांना वाईट वाटतं."

तुम्ही माइक बंद केलात. "आत्ताच ज्याने रेडिओ लावला, त्याला कळायला नको? हरत असलो तर दोनदा सांगायचा."

मग स्वतःचं का नाही सांगितलंत? हॉस्पिटलात आम्हाला आत सोडत नव्हते. फोनवर एकच उत्तर, "चाललंय गं. आईने खाल्लं का?"

आणि मी तरी काय केलं? घरातले इंग्रजी फोन सगळे माझ्याकडे. त्या सकाळी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आजचा दिवस, फार तर उद्याचा. व्हिडिओ कॉल लावतो, घरच्यांना बोलून घेऊ दे. मी आईला म्हटलं, "बरे आहेत. कॉल लावताहेत."

म्हणून ती तुमच्याशी मेथीवर बोलत बसली. "कुंडीतली चांगली उगवलीय. तुम्ही आलात की थालीपीठ करते." तुम्ही मान हलवलीत. मग माझ्याकडे पाहिलंत. कळलं होतं ना तुम्हाला?

खरं तेच लोकांपर्यंत पोचवायचं म्हणून मी हे शिक्षण घेतलं, बाबा! आणि माझ्या आईपर्यंतच पोचवलं नाही. तिला तुमचा निरोप घेता आला नाही, तो माझ्यामुळे.

काल मेथी निवडता निवडता तिने विचारलं, "त्या सकाळी डॉक्टर नेमकं काय म्हणाले होते गं?"

"आठवत नाही."

तिने वर पाहिलं नाही. "तू तर सगळं लिहून ठेवतेस," एवढंच म्हणाली.

आत्ता ती गॅलरीत कुंड्यांना पाणी घालतेय. माइक उद्याचा उद्या. हे पत्र संपलं की मी तिच्याकडे जाणार आहे. रडेल, चिडेल, कदाचित कितीतरी दिवस माझ्याशी बोलणार नाही. तरी सांगेन, बाबा. पुन्हा विचारलं तर पुन्हा सांगेन.

तुमची स्कोअरर,
रेणू