पाणकणसाचा भारा

आई, गेल्या महिन्यात तुझ्या धाकट्या बहिणीच्या डोक्यावरचा भारा मी खाली उतरवला. मदत म्हणून नाही. हिसकावूनच घेतला म्हण.

तू गेलीस तेव्हा गावाशेजारी वीज केंद्र नव्हतं. आता आहे, आणि कोळशाच्या राखेचा डोंगरही आहे. त्यातून झिरपणारं पाणी ओढ्यात जायचं. ते सुधारायचं काम सोलापूरच्या ऑफिसातून माझ्याकडे आलं. आम्ही उतारावर उथळ तळी खणली, तळाला खडी आणि शेणखत घातलं, पाणकणीस म्हणजे ते उंच पाणगवत लावलं. पंप नाही, वीज नाही. पाणी सावकाश पुढं सरकतं आणि त्यातलं विष चिखलात, मुळापानांत अडकतं. ओढा निवळला. चावडीसमोर मी माईकवरून म्हणाले, "पाणी सुधारलं." टाळ्या पडल्या. विष कुठं साठतं, ते काही बोलले नाही. कार्यक्रमात बरं दिसलं नसतं.

तू शाळेत खिचडी शिजवायचीस. एकदा ती तळाला लागते, मी म्हणते, वरवरची वाढ, कुणाला कळतंय? तू पळी उगारतेस आणि भरल्या पंगतीसमोर सांगतेस, "पोरानू, आज करपलंय. माजी चूक हाय." तेव्हा मला तुझी लाज वाटली होती.

त्या दिवशी मावशी तळ्याकडून पाणकणसाचा भारा घेऊन येत होती. उन्हाळ्यात सगळं रान वाळलेलं, तेवढंच काय ते हिरवं.

"मावशे, म्हशीला घालू नको. इख हाय त्यात."

"तूच म्हनलीस न्हवं, पानी चांगलं झालंय?"

"पाण्यातलं ह्यात आलंय."

मी भारा हिसकावून खाली टाकला, तशी ती म्हणाली, "आन् आटवडाभर घातलंय की गं. नात दूद पिती माजी."

दूध तपासायला सोलापूरला पाठवलं. निकाल येईपर्यंत मावशी रोज धार काढून उकिरड्यावर ओतायची. मी तळ्यांना कुंपण घातलं, घरोघरी जाऊन राहिलेलं सांगितलं. कुणी भांडलं नाही. माना डोलावल्या, तेच जड गेलं.

दुधात काही निघालं नाही. ते सांगायला मीच गेले. मावशीनं नातीला पेला भरून दिला आणि माझ्यासाठी चहा टाकला.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. ती पातेल्यात दूध ओतणार, तेवढ्यात मी म्हणाले, "मला कोराच दे, मावशे."


तिनं दिला.